जोशीकाकांचं डुप्लिकेट

यार, ‘डुप्लिकेट’ हा शब्द माझ्यासमोर काढू नका. कॉलेज सोडून मी अमेरिकेतल्या आमच्या डब्लिन गावात बंदुकांच्या दुकानात लागलो होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या डिझाइनचं पिस्तूल नव्याने आलं होतं. घाट तोच, फक्त चुकून गोळी सुटू नये म्हणून आत जास्तीची सेफ्टी. एक गोरा ते घेणारच होता, तेवढ्यात बाबांचे मित्र जोशीकाका टपकले.

“सेफ्टी कसली घालतात? ओरिजिनलची सर नाही.”

“काका, ओरिजिनल कधी चालवलंय?”

“एनसीसीत होतो मी!”

“लाकडी रायफल घेऊन ना?”

काकांना झोंबलं. ते गोऱ्याकडे वळले. “सर, आय ॲम हिज अंकल. धिस इज डुप्लिकेट!”

गोऱ्याने पिस्तूल खाली ठेवलं नि निघून गेला. मालकाने मला आत बोलावलं.

“तुझा काकाच सांगतोय माल नकली आहे?”

“तो माझा काका नाही!”

“मग अंकल का म्हणवतो?”

हे त्याला काय समजावणार? नोकरी गेली. गणपतीला आरती झाल्यावर काका बाबांना सांगत होते, “पोरगा कुठेच टिकत नाही हो.”

आणि बाबांनी मान हलवत त्यांना आणखी एक मोदक वाढला.