कच्चा सांधा

(ट्युनिशियातल्या दूझ गावाच्या दक्षिणेला, वाळूच्या एका उंच टेकाडाच्या धारेवर. भर दुपार. लजहरने स्वतःच्या अंगणात बांधलेली गाडी धारेवर पोट टेकून अडकली आहे. पुढची चाकं हवेत आहेत. आत तो आणि शेजारी त्याची सासू तुर्किया, जी नात्याने त्याची काकूही लागते. तिच्या मांडीवर करडू. तिचा वाळवंटातला तंबू मोडून तो तिला गावी, आपल्या घरी नेतोय.)

लजहर: हलू नकोस, काकू. श्वास घे, पण हळू.

तुर्किया: श्वास मी केव्हापासून घेतच नाहीये. पुढे जमीन का दिसत नाही? मला नुसतं आभाळ दिसतंय.

लजहर: जमीन खाली आहे.

तुर्किया: जमीन सगळीकडे खालीच असते रे. किती खाली?

लजहर: नको विचारूस.

तुर्किया: लजहर.

लजहर: आपल्या मशिदीचा मिनार आहे ना, तेवढी. जरा जास्तच.

तुर्किया: या अल्लाह. आणि तू इथं गाडी कशाला उभी केलीस?

लजहर: मी? तू ओरडलीस! "थांब!" म्हणून ओरडलीस आणि माझ्या दंडात नखं रुतवलीस.

तुर्किया: धारेवर थांबायचंच असतं. उंट थांबवायचा, उतरायचं, पलीकडे बघायचं, मग त्याला तिरका तिरका खाली न्यायचा. तुझा बाप जन्मभर तेच करत आला. शिकवलं नाही का त्यानं?

लजहर: शिकवलं. म्हणून तर पाय आपोआप ब्रेकवर गेला. तू ओरडली नसतीस तरी थांबलोच असतो. पण गाडीचं तसं नसतं, काकू. गाडीनं धारेवर थांबायचं नसतं, नाक खाली घालायचं आणि सरळ जायचं. आता ही पोटावर बसली.

तुर्किया: मग उठव तिला.

लजहर: उंट आहे का, काठी मारली की उठायला?

तुर्किया: उंट असता तर बसलाच नसता. वर्षभर अंगणात ठोकाठोक करत होतास, शेजाऱ्यापाजाऱ्यांना झोपू दिलं नाहीस म्हणे. त्यातून हे निघालं? बसायला भाड्याच्या गाडीतली फाटकी सीट, पेट्रोलला ऑलिव्ह तेलाचा डबा, दार नाही.

लजहर: दार मुद्दाम नाही. वजन कमी करायला.

तुर्किया: आणि काच?

लजहर: काच मिळाली नाही. ऐक, आता चेष्टा नको. तू हळूच मागे सरक, सामानात जाऊन बस. मागे वजन हवं. मी पोटाखालची वाळू उपसतो. थोडी मोकळी झाली की इंजिन लावून उतरू.

तुर्किया: माझं वजन ते किती? या करडाएवढं.

लजहर: मग करडूही ने मागे.

तुर्किया: सरकते. हात धर. अरे, हात धर म्हटलं, मान नको धरूस माझी!

लजहर: झालं? बसलीस? आता मी खाली जातो. काहीही झालं तरी पुढे येऊ नकोस.

तुर्किया: लजहर! बोलत राहा. तुझा आवाज आला नाही की वाटतं, गेलास.

लजहर: खणतोय.

तुर्किया: शिव्या दे, काही दे, पण आवाज दे.

लजहर: ही गाडी ज्या गाढवानं बांधली त्याच्या डोक्यात खजुराच्या बिया भरल्यात! आणि हे रॉकेलच्या डब्याचं फावडं ज्यानं केलं तो त्याचा थोरला भाऊ!

तुर्किया: हां, असं. अजून.

लजहर: आणि ज्या भंगारवाल्यानं ही पुढची चाकं विकली त्याला सासू मिळो तुझ्यासारखी! ज्यानं...

तुर्किया: पुढे? लजहर? गप्प का झालास?

लजहर: काही नाही.

तुर्किया: काय दिसलं?

लजहर: वाळू.

तुर्किया: वाळू बघून गप्प होणारा माणूस आपल्या खानदानात जन्मला नाही. काय दिसलं ते सांग.

लजहर: पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा एक दांडा असतो, काकू. जुन्या पिकअपचा होता तो तोकडा पडला. दुसऱ्या गाडीचा आणला, तो लांब. मग दोन्ही कापून अर्धा हा, अर्धा तो, मधे वेल्डिंग केलं.

तुर्किया: बरं.

लजहर: त्या दिवशी वीज सारखी जात होती. अर्धा जोड झाला आणि गेली. गार झालेल्या लोखंडावरच पुन्हा जोड लावला. वरून घासला, रंग दिला. दिसायला छान दिसत होता. मी रोज बघायचो आणि म्हणायचो, चालेल. गावातल्या रस्त्यावर चालला. इथपर्यंत येताना चालला.

तुर्किया: आणि आता?

लजहर: रंगाला चीर गेलीय. केसाएवढी. मघाशी आपटलो तेव्हा गेली असेल.

तुर्किया: उतरताना तो तुटला तर?

लजहर: तर एक चाक इकडे जाईल, एक तिकडे. गाडी आडवी होईल. आडवी झाली की लोळेल. वर पाईप आहेत, खजुराच्या वखारीतले, पण ते जोडही मीच केलेत. काकू, मी ही गाडी कुणाला मारायला नव्हती बांधली. माझी मनसूरा गाडी वेळेवर न आल्यानं गेली, तसं पुन्हा व्हायला नको, म्हणून बांधली. आणि आता तुलाच हिच्यात घालून... घरी माझी पोर रीम एकटी आहे. तिला आई नाही. तिला आता...

तुर्किया: रडायचं असेल तर वर येऊन रड. खाली वाळू तोंडात जाईल.

लजहर: रडत नाहीये. हात थरथरतायत नुसते.

तुर्किया: माझेही थरथरतायत. करडाला वाटतंय मी त्याला कुरवाळतेय.

लजहर: मी असं करतो. मी चालत निघतो. फोनला रेघ आली की भावाला बोलावतो. तू इथं सावलीत बस, पाणी तुझ्याजवळ ठेवतो.

तुर्किया: नाही.

लजहर: तुझा गुडघा नाही चालणार, काकू.

तुर्किया: चालणार नाहीच. पण मी बसणारही नाही. गाडी येईल, गाडी येईल म्हणत बसायचं काम मी एकदा केलंय. गेल्या उन्हाळ्यात, त्या विहिरीवर, विंचू चावलेल्या तुझ्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन. पुन्हा नाही करणार. हवं तर इथून घरंगळत जाईन.

लजहर: वारा बघ. दक्षिणेकडून आलाय. शहीली सुटला म्हणजे दोन-तीन दिवस थांबत नाही. संध्याकाळपर्यंत वाळूनं काही दिसेनासं होईल.

तुर्किया: मग तुझ्या दांड्याचं बघ. काही बांधता येत नाही का त्याला? मोडलेल्या पायाला बांधतात तसं?

लजहर: लोखंडी कांब लागेल दोन्ही बाजूंनी. आणि तार. तार होती ती सगळी धुराच्या नळीला गुंडाळली.

तुर्किया: कांबेला माझ्या तंबूच्या मेखा घे. लोखंडी आहेत. कुठल्यातरी बोचक्यात आहेत बघ.

लजहर: मेखा चालतील. पण बांधू कशानं? दोरी सैल पडते, घासून तुटते.

तुर्किया: खोगीर आहे.

लजहर: तू ते आणलंस म्हणून सकाळी किती भांडलो मी. उंट मरून दोन वर्षं झाली, खोगीर कशाला, म्हणालो.

तुर्किया: म्हणालास. त्या खोगिराची लाकडं कशानं बांधलीत, बघितलंस कधी?

लजहर: वादीनं. कच्च्या कातड्याच्या.

तुर्किया: तुझ्या काकानं बांधलं, मनसूरा पोटात होती तेव्हा. ओली वादी ताणून बांधायची, उन्हात ठेवायची. वाळली की सुरी लावल्याशिवाय सुटत नाही. खोगिराचा खिळा न् खिळा गंजून गेला, वादी तशीच आहे.

लजहर: नको. ते काकाचं आहे. तुझ्याजवळ त्याचं दुसरं काही नाही.

तुर्किया: सुरी दे.

लजहर: काकू, मी सोडवतो.

तुर्किया: तू नको. तुझे हात थरथरतायत, मधेच कापशील. सुरी दे. आणि पाण्याचा कॅन काढ.

लजहर: प्यायचं पाणी आहे ते.

तुर्किया: वादी पाण्याशिवाय मऊ व्हायची नाही. एक कॅन तिला, एक आपल्याला. करडू माझ्या वाट्यातलं पिईल.

लजहर: असं धरू?

तुर्किया: ताण. अजून ताण. गाढवाला बांधतोस तसं नको, मुडद्याला बांधतात तसं बांध.

लजहर: असलं बोलू नकोस ना, काकू!

तुर्किया: बरं, नवरीच्या पेटीला बांधतात तसं. ताण.

लजहर: पाय दांड्याला लावून ओढतोय. ही चीर मेखेखाली गेली. दुसरी मेख दे. गाठ?

तुर्किया: गाठ मी मारते. सरक. हूं. आता वाऱ्यावर सोड. तोच वारा आपल्याला बुजवायला आलाय ना, त्यालाच कामाला लाव.

लजहर: किती वेळ लागेल?

तुर्किया: बोट लावून दगडासारखी लागली की झालं. ये, इकडे सावलीत बस. गाडीखाली नको.

लजहर: ही बसायची घोंगडी तुझ्या ओळखीची असेल.

तुर्किया: बसले तेव्हाच ओळखली. काठाला मनसूराचाच धागा चुकलाय. विणताना दर वेळी तिथंच चुकायची.

लजहर: रीम रोज विचारते, आजी कधी येणार.

तुर्किया: माहितेय. म्हणून तर येत नव्हते.

लजहर: बकऱ्यांसाठी येत नाहीस म्हणत होतीस.

तुर्किया: बकऱ्या काय, कुणीही सांभाळल्या असत्या. ती पोर मला विचारणार, आई शेवटी काय म्हणाली. तिथं मी होते, तू नव्हतास. मग मलाच विचारणार. रात्री एकटीला भीती वाटायची, जमिनीवर पाय ठेवताना विंचवाची वाटायची. त्या पोरीच्या तोंडाची सगळ्यात जास्त वाटायची.

लजहर: मीही कधी विचारलं नाही तुला.

तुर्किया: नाही विचारलंस.

लजहर: घाबरत होतो.

तुर्किया: मग आत्ता विचार. आत्ता आधीच घाबरलेले आहोत. त्यासाठी वेगळं घाबरायला नको.

लजहर: काय म्हणाली?

तुर्किया: पाणी मागितलं. पाय कळत नाहीत म्हणाली. ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हणाली, "आई, गाडीचा आवाज येतोय ना?" मी कान दिला. काही नव्हतं. मी म्हटलं, हो, आली. लजहर आला. मग तिनं हातानं चाचपून डोक्यावरची ओढणी नीट केली. तू येणार म्हणून. त्यानंतर काही बोलली नाही.

लजहर: वादी बघतो. वाळली असेल.

तुर्किया: बघ जा.

लजहर: वाजतेय. ठोकली तर लाकडासारखी वाजतेय, काकू.

तुर्किया: मग निघू या. समोरचं दिसेनासं व्हायच्या आत.

लजहर: पोटाखालची वाळूही काढली, आता करडू मांडीवर घेऊन पुढे बस, माझ्या शेजारी. पट्टा लावतो. पाय समोर टेकव. मी सरळ खाली जाणार. ब्रेक लावणार नाही. लावला तर मागचं पुढे येऊन गाडी उलटेल.

तुर्किया: तू लावशील. तुझा पाय आपोआप जातो.

लजहर: मग चप्पल काढून ठेवतो. उजवा पाय सीटखाली घालतो. बघ. आता?

तुर्किया: आता ठीक. लजहर, रीमला हे सांगू? आईचं?

लजहर: सांग. ओढणीचं नक्की सांग.

तुर्किया: बिस्मिल्ला म्हण.

लजहर: म्हटलं. चल.

तुर्किया: हलली. अरे हलली. नाक खाली गेलं. लजहर, नाक खाली जातंय!

लजहर: जाऊ दे! घट्ट बस!

तुर्किया: वाळू आपल्याबरोबर येतेय! सगळा डोंगर येतोय!

लजहर: ती येतेच! बाजूला बघू नकोस! दांडा वाजतोय का? ऐक, वाजतोय का?

तुर्किया: मला माझ्या दातांशिवाय काही ऐकू येत नाही!

लजहर: सरळ. सरळ. डावीकडे ओढतेय. डावीकडे ओढतेय, काकू!

तुर्किया: मग उजवीकडे धर! घाबरट मेल्या, धर!

लजहर: धरलंय! धरलंय!

तुर्किया: या अल्लाह, या अल्लाह, या...

लजहर: काकू.

तुर्किया: गेलो का आपण?

लजहर: डोळे उघड. सपाट आहे.

तुर्किया: आधी तू सांग, आपण बसलोय का पडलोय?

लजहर: बसलोय. गाडी उभी आहे. चारही चाकं खाली आहेत.

तुर्किया: दांडा?

लजहर: बघतो. पण हात सुटत नाहीत स्टेअरिंगवरून. बोटं उघडत नाहीत.

तुर्किया: थांब. एकेक करते. हे घे. हे दुसरं. लहानपणी तुझ्या मुठीतून खजूर सोडवायचे तेव्हाही असंच करावं लागायचं. झालं. जा, बघ.

लजहर: आहे! काकू, जागेवर आहे! वेल्डिंग पुरतं गेलंय, आरपार गेलंय. वादीवर आलोय आपण. नुसत्या वादीवर.

तुर्किया: गावापर्यंत टिकेल?

लजहर: सावकाश गेलो तर. तू खाली उतर, जरा पाय मोकळे कर. अगं, तुझा झगा पुढून भिजलाय. कॅन सांडला?

तुर्किया: कॅन मागे आहे.

लजहर: मग करडानं केलं वाटतं.

तुर्किया: करडानंच म्हण. आणि रीमसमोरसुद्धा करडानंच म्हण.