अम्मीची राहिलेली नमाज

आपा: पुन्हा सांग. माझ्याकडे बघून सांग, त्या हातातल्या पान्याकडे नको.

छोट्या: सांगितलं ना एकदा. तिनं विचारलं, माझी नमाज झाली का रे? मी म्हटलं, झाली अम्मी, आत्ताच पढलीस.

आपा: आणि ती पढली नव्हती.

छोट्या: नव्हती.

आपा: असं किती वेळा सांगितलंस?

छोट्या: तिनं जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा.

आपा: म्हणजे मी लेकीच्या बाळंतपणाला गेले त्या दिवसापासून अम्मीनं एकदाही नमाज पढली नाही? एकदाही?

छोट्या: आपा, आल्या आल्या घर डोक्यावर घेऊ नकोस. ती झोपलीय.

आपा: अरे, मला कळायला लागल्यापासून या बाईची नमाज चुकलेली मी पाहिली नाही. अब्बांचा जनाजा उठला त्या दिवशीसुद्धा डोळे पुसून कोपऱ्यात उभी राहिली होती. आणि तू थंड डोक्यानं तिला फसवत बसलास! आईला!

छोट्या: न्हाणीत घसरली तेव्हा कोण धावलं होतं? डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? पुन्हा पडली तर उठायची नाही. नमाजेआधी वुजू करायचा, हातपाय धुवायचे म्हणून ओल्या फरशीवर एकटी जाते. बरं, पढून झालेली तिला आठवत नाही, की परत चालली वुजूला. मी कामावर जाऊ की न्हाणीच्या दारात पहारा देऊ?

आपा: म्हणूनच जाताना तुला सगळं दाखवून गेले होते ना? खाटेपाशी टब आणायचा, बसल्या जागी हात, तोंड, पाय धुवायचे, खुर्चीवर बसून पढू द्यायचं. अख्ख्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतोस आणि एक टब उचलवेना तुला?

छोट्या: इमामसाहेब तुझ्यासमोरच म्हणाले की, भान गेलेल्या माणसाला नमाज माफ आहे.

आपा: माफ आहे म्हणाले. हिसकावून घ्या म्हणाले का? राहिली तर अल्लाह तिला विचारणार नाही. तुला विचारेल.

छोट्या: विचारू दे. मलाही त्याला बरंच काही विचारायचंय.

आपा: आलास मुद्द्यावर! म्हणजे पडायची भीती वगैरे सगळी मखलाशी.

छोट्या: मखलाशी कसली? ती पडली तर मीच...

आपा: शेजारीण जिन्यात भेटली. म्हणाली, तुमची अम्मी दिवसरात्र फिरत होती. दारं उघडत होती, कपाटं उपसत होती, कुणाला बसू देत नव्हती.

छोट्या: आजार वाढलाय. ‘माझं काहीतरी राहिलंय, माझं काहीतरी राहिलंय’, एवढंच घोकत होती. जीव खाल्ला नुसता. शेवटी डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून आणली.

आपा: काय राहिलंय म्हणत होती?

छोट्या: ते तिला कुठे सांगता येतंय?

आपा: तिला नसेल येत. तुला माहीत होतं ना?

छोट्या: हो, होतं माहीत.

आपा: आणि वर गोळी दिलीस. काय माणूस आहेस रे तू!

छोट्या: तुला काय जातंय बोलायला? तू आपली मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवतेस, त्या खडखडाटात तुला काही ऐकू येत नाही. नमाज संपली की ती हात उचलून मोठ्यानं दुआ मागते. काय मागते, माहीत आहे?

आपा: माहीत आहे.

छोट्या: माहीत आहे?

आपा: बहिरी नाही मी.

छोट्या: मग मला कशाला विचारतेस? ‘या अल्लाह, माझ्या छोट्याच्या चिमणीचा ताप उतरव.’ दरवेळी! माझ्या पोरीला मातीत ठेवून तीन वर्षं झाली, आपा. मीच उतरलो होतो खाली, मीच ठेवलं तिला. आणि माझी आई रोज उठून तिचा ताप उतरवायला निघते. मी भिंतीपलीकडे जेवत असतो, घास तोंडात फिरत राहतो. ऐकू कसं मी? सांग ना, कसं ऐकू?

आपा: मला सांगायचंस ना रे, वेड्या.

छोट्या: काय सांगायचं? माझ्या आईची दुआ मला नको झालीय, असं?

आपा: हो. असंच. मी काय तुला खाल्लं असतं?

छोट्या: लिफ्ट बंद पडली की लोक बटण दाबत राहतात. दाबतात, दाबतात, बोट दुखेपर्यंत. येत नाही ती. मग मला फोन करतात आणि मी येतो. जेवण टाकून येतो, सुट्टीच्या दिवशी येतो. चिमणीच्या वेळी आपण सगळ्यांनी कमी दाबलं का बटण? कोण आलं?

आपा: मला नाही माहीत. ज्यांना माहीत होतं ना, ते तेव्हा दारात येऊन सांगून गेले होते. सबर करा, त्याचीच अमानत, त्याचीच ठेव होती, त्यानं नेली. मी आतून कडी लावून घेतली होती.

छोट्या: तू?

आपा: मी. मानते मी त्याला. पण मानते म्हणजे भांडत नाही असं कोण म्हणालं? सजद्यात डोकं टेकवते आणि भांडते. कधीकधी एवढं भांडते की किती झालं पढून ते विसरते, परत पहिल्यापासून.

छोट्या: मग नमाजेला उठतेस कशाला? भांडायला?

आपा: दुसरं कुणाकडे जाऊ भांडायला? लहानपणी अम्मी काय शिकवायची आपल्याला? कुणी बनवलं? त्यानं. कशासाठी बनवलं? त्याला ओळखावं, त्याची बंदगी करावी म्हणून. कुठे जायचं? परत त्याच्याकडेच. तू तर खेळायला पळायच्या घाईत तिन्ही उत्तरं एका दमात म्हणायचास.

छोट्या: मग माझी पोर सहा वर्षांत काय ओळखून गेली? आणि अम्मीचं बघ. मला ओळखत नाही, कधी अब्बा म्हणते, कधी भाऊ. हिच्या जगण्याला आता काय अर्थ राहिला, तेवढं तरी सांग.

आपा: तुला विसरली. मलाही विसरते. अब्बा गेले हे विसरली. आरशातली बाई कोण, म्हणून मला विचारते. आणि तरी माझं काहीतरी राहिलंय म्हणत घरभर फिरते. सगळं गळून गेल्यावर माणसात काय उरतं, ते आपल्या घरात फिरतंय, छोट्या. त्याला तू झोपेची गोळी दिलीस.

छोट्या: असं नको ना बोलूस.

आपा: बरं, नाही बोलत. उठली बघ ती. चपलांचा आवाज.

(अम्मी भिंतीला धरून येते.)

अम्मी: अगं, माझं काहीतरी राहिलंय. तुम्ही कोण दोघं? भांडत होतात ना? भांडू नका. माझं काहीतरी राहिलंय.

आपा: बस अम्मी. इथे बस, माझ्याजवळ.

अम्मी: बसायला वेळ नाही. अजान झाली का? ए भाऊ, माझी नमाज झाली का रे?

छोट्या: आपा...

आपा: मी नाही सांगणार. तुला विचारलंय तिनं.

अम्मी: अरे, मी काय विचारतेय?

छोट्या: नाही अम्मी. झाली नाही. राहिलीय.

अम्मी: बघ! बघ बाई! मी कधीची सांगतेय, राहिलंय काहीतरी. इथे एक मेला आहे, तो सारखा म्हणतो झाली, झाली. खोटारडा कुठला!

छोट्या: हो अम्मी. खोटारडाच आहे तो.

आपा: हसू नकोस, टब आण. कोमट पाणी घे. अम्मी, हात पुढे कर.

अम्मी: मला येतं. तू बाजूला हो. आधी हात, मग चूळ, मग नाक. ए भाऊ, पाणी नीट ओत, बाही भिजवू नकोस माझी.

छोट्या: हे सगळं आठवतं हिला?

आपा: पाय पूस तिचे. बोटांच्या मध्ये पूस. आता खुर्ची पश्चिमेकडे वळव, अजून थोडी, हां. हळू बोल, सुरू केली तिनं.

छोट्या: मध्येच विसरली तर?

आपा: विसरली तर विसरली. बघ चेहरा कसा झालाय. उठून आली तेव्हा असा नव्हता.

छोट्या: फिरायची थांबली. पायसुद्धा हलत नाहीयेत.

आपा: श्श.

छोट्या: नमाज संपली, सलाम फिरवला बघ. आता हात उचलेल. आपा, मी जिन्यात जाऊन थांबतो.

आपा: जा, अडवत नाही मी. झेपत नसेल तर जा.

अम्मी: या अल्लाह, माझ्या मुलांना सुखात ठेव. माझ्या छोट्याच्या चिमणीचा ताप उतरव. लहान आहे रे ती. तिला सोसवत नाही.

छोट्या: अम्मी.

अम्मी: थांब, दुआ चाललीय.

छोट्या: अम्मी, चिमणीचा ताप उतरला. तिला आता काही दुखत नाही.

अम्मी: खरं?

छोट्या: खरं. काहीच दुखत नाही तिला. ज्याच्याकडे तू मागतेस ना, त्याच्याकडेच आहे ती.

अम्मी: त्याच्याकडे?

आपा: हो अम्मी, त्याच्याकडे.

अम्मी: हां. मग चांगल्या ठिकाणी आहे. मग तू का रडतोस रे?

छोट्या: असंच.

अम्मी: असंच कुणी रडतं का? ये इकडे. तू पढलास का?

छोट्या: नाही.

अम्मी: का नाही?

छोट्या: कितीतरी दिवस झाले, अम्मी. राग आला होता. आता म्हणावं म्हटलं तरी धड आठवत नाही. विसरलो मी.

अम्मी: विसरलास? अरे, त्यात काय एवढं! बस इथे खाली. मी म्हणते, तू माझ्यामागून म्हण.