बदली घोडा

हॅलो?… हॅलो! अगं, किती वेळ लावलास! मी इथे प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून तडफडतेय आणि तू… हो, हो, रांग होती, कळलं. तलवारबाजी झाली, पोहणं झालं, आता कितवी आहे?… काय? परत म्हण!… आपली काडी पहिली? माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी पहिली? अगं बाई गं!

रडू नकोस, अजून दोन बाकी आहेत. घोडेस्वारी, आणि शेवटी पळत पळत नेमबाजी. चिठ्ठी काढली का तिने?… घोड्याची गं! आमच्या या पाच खेळांच्या स्पर्धेत स्वतःचा घोडा आणायचा नसतो. चिठ्ठीत येईल त्या अनोळखी घोड्यावर बसायचं, वीस मिनिटांत त्याच्याशी सूत जमवायचं आणि उड्या मारायच्या. इतकी वर्षं तुझी सख्खी बहीण हेच खेळून चॅम्पियन झाली, तू काय झोपली होतीस?… बरं, तुझी पोरं लहान होती, मान्य.

कुठला आलाय?… तांबडा. कपाळावर पांढरा पट्टा. मग?… अडला? आत्ताच्या पहिल्या फेरीत?… तीनदा अडला आणि शेवटी त्या मुलीला पाडलं? लागलं नाही ना तिला?… हुश्श.

आता नीट ऐक. एकच घोडा दोघींना वाटून येतो. पहिलीला त्याने असं पाडलं, तर दुसरीला बदली घोडा मागता येतो. नियमच आहे तसा. जा, काडीला सांग, पंचांकडे जाऊन बदली घोडा माग म्हणावं. मॅडमनी सांगितलंय म्हण… अगं, चावत नाहीत ते घोडे! कडेकडेने जा ना!

…

हॅलो? काय म्हणाली?… नको? नको म्हणजे काय? डोकं फिरलंय का कार्टीचं? दे तिला फोन… हातमोजे घातलेत? मग स्पीकरवर टाक!

काडे, हा घोडा घ्यायचा नाही. मी खेळायचे तेव्हा एकदा मीसुद्धा तुझ्यासारखीच गुणांत सगळ्यांच्या पुढे होते. दुहेरी उडीसमोर घोडा खिळल्यासारखा उभा राहिला आणि मी त्याच्या डोक्यावरून थेट मातीत. मला बदली मागायची सोयच नव्हती, आधीच्या फेरीत अगदी शहाण्यासारखा धावला होता मेला. तुला आयती सोय आहे, तर…

काय?… हात? कुणाचे हात?… त्या पहिल्या मुलीचे. हं… प्रत्येक उडीआधी लगाम खेचत होती?… आणि अडायच्या आधी त्याने मान झटकली का?… दर वेळी?… म्हणजे त्याचं तोंड दुखतंय, असं म्हणतेस तू.

हो… हो, मीच म्हणते ते. घोड्याला नावं ठेवण्याआधी बसणाऱ्याचे हात बघा. रोज घसा फोडून सांगते तेव्हा जांभया देता, आणि तुला हे आजच आठवायचं होतं? अगं, यातून संघ निवडणार आहेत! आज हुकलं तर पुन्हा चार वर्षं थांबायचं… मी तिथे असते तर माझ्या डोळ्यांनी बघितलं असतं. घोड्यांनी पाडलं तेव्हा एक हाड मोडलं नाही, आणि ट्रॉफ्या पुसायला स्टुलावर काय चढले… हसू नका दोघी!

पंच थांबलेत का?… आत्ता सांगायचंय? देवा… काडे, तू पाहिलंयस. मी नाही पाहिलेलं. बस तांबड्यावर. आणि लगाम… काही नाही. जा.

…

गेली? अगं, मी काय करून बसले! तिचं वाटोळं झालं तर?… तू नको मला समजावू. ही कुबडी कुठे घसरली आता… घंटा झाली? मग बोल ना! पहिली उडी?… गप्प का?… डोळे मिटलेस? डोळे मिटायला उभी केलीय का तुला तिथे? उघड आधी!… गेली? दुसरी पण?… आता वळण असेल… हळू झाला? अडला? अगं, अडला का?… तिने काय केलं?… हात पुढे सोडले? लगाम सैल? आणि?… तोंडातून शब्द काढ गं!… गेला? गेला!

आता दुहेरी उडी. तिथे नीट बघ, हात जोडते तुला… एक… दोन्ही? दोन्ही गं?…

शेवटचा दांडा पडला? पडू दे. संपलं ना? पहिलीच आहे ना अजून?… कोण रडतंय? मी? छे… हो, रडतेय. मग? माझं घर आहे.

कोण, काडी आली? दे… काडे! हो, ऐकलं सगळं, म्हणजे तुझ्या या मावशीने डोळे उघडले तेवढं. आता पळायचंय. पिस्तूल उचलताना…

हं? पुढे काय, म्हणतेस?… पाठ करून ठेवलं होतं गं रात्रभर. आजवर माझ्या एकाही पोरीला मी मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडल्याशिवाय पळू दिलेलं नाही…

तांबड्याची मान थोपटलीस का?… शाब्बास. पाणी पी. आणि हा फोन मावशीच्या पर्समध्ये टाक, पळून होईपर्यंत काढायचा नाही… अगं, रागावले नाही, बाळा. मैदानात तू आहेस, तुला दिसतंय. माझं काही सांगायचं राहिलेलं नाही.

ठेवते.