पक्ष्याऐवजी तारा

हॅलो?… हो, मीच… काही नाही गं, डब्याचं झाकण पडलं हातातून. घर इतकं शांत होतं, केवढ्यानं वाजलं बघ… बोल ना, ताई.

गेल्या. मघाशीच गेल्या सासूबाई… झाली की कॉफी… छान झाली… छान म्हणजे छान, आणखी काय सांगू?… नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

हो, हो, नाताळच्या फराळाचे सातही प्रकार मांडले होते… अगं ऐक ना, आधीच हसू नकोस. सिरपचे त्रिकोण जरा काळपट झाले, पण खाल्ले त्यांनी. बदामाच्या वाट्या तर दोन घेतल्या.

क्रुमकाके?… होते ना… हो, त्यांच्याच साच्यातले.

…

ताई.

नव्हते गं त्यांच्या साच्यातले.

थांब, हळू बोलते. तिरिल पलीकडेच चित्र काढत बसलीय… तोच गं, क्रुमकाकेच्या पातळ गोड पापड्या भाजायचा साचा, लोखंडी, लांब दांड्यांचा. नाताळआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी स्वतः घेऊन आल्या होत्या, फडक्यात गुंडाळून, तान्हं बाळ आणावं तसा. 'माझी बोटं आता वळत नाहीत, यंदापासून नाताळचं भाजणं तुझ्याकडे,' म्हणाल्या. पोटच्या मुलीला नाही दिला, मला दिला.

आणि मी काय केलं? घासला… घासला म्हणजे घासला, ताई! साबण लावून, तारेच्या घासणीनं. काळाकुट्ट नि चिकट दिसत होता. म्हटलं, एवढ्या मानानं दिलाय, लख्ख करून मगच वापरू… ओरड, ओरड. मी कमी ओरडलेय का स्वतःवर?… हो, आता कळतंय. त्यांच्या आजेसासूपासूनचं लोणी मुरलेलं होतं त्यात. मी एका दुपारीत धुऊन काढलं.

मग काय व्हायचं? पहिलाच असा चिकटला की सोडवता सोडवता चुरा. दुसराही तसाच, तिसराही. अंडी, साखर, वेलची, सगळं पीठ वाया. तिरिलनं वाटीभर चुरा खाल्ला नि मला म्हणाली, 'छान झालाय, आई.'

सहाच ठेवायचे? तू ठेवशील नाताळात सहा? आपल्या आईनं कधी ठेवले होते?… मग! उगाच मला शहाणपण शिकवू नकोस.

चर्चच्या हॉलमध्ये विक्री होती ना… हो. आणले. घरचाच डबा घेऊन गेले होते, म्हणजे वाटेत कुणी पाहिलं तरी… हो गं, एवढी निर्लज्ज. कुणी केलेत, ते विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, क्रुमकाके सगळीकडचे सारखेच.

नक्षी, ताई! नक्षी! सासूबाईंच्या साच्यात समोरासमोर दोन पक्षी आहेत आणि एकाच्या मानेवर चरा गेलाय. त्यांच्या घरच्या प्रत्येक क्रुमकाकेवर एक पक्षी मानमोडका असतो. आमचा हाल्वोर लहानपणी आधी तेवढाच कुरतडून खायचा. आणि मी आणलेल्यांवर?… तारा… हो, तोरब्यॉर्गबाईंचाच! नदीपलीकडच्या. अख्ख्या खोऱ्यात तो तारा दुसऱ्या कुणाच्या साच्यावर नाही… हस, हस पोटभर. ज्या बाईच्या बटाट्याच्या पोळीला, लेफ्सेला सासूबाई जन्मभर चामडं म्हणत आल्या, नेमके तिचे क्रुमकाके मी त्यांच्या पुढ्यात ठेवले.

नाही ना, रागावल्या नाहीत. तेच तर. एक उचलला, खिडकीकडे धरला. बाहेरचा उजेड संपतच आला होता. बघत राहिल्या. मग खाल्ला, सगळा. बशीतला चुरासुद्धा बोटानं टिपला. 'खुसखुशीत झालेत,' म्हणाल्या… नाही गं, टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द भांडून मोकळी झाले असते.

थांब ना, अजून सांगायचंय. साच्याचं एक वेळ जाऊ दे… तिरिलचं. तिला मी सकाळीच पढवून ठेवलं होतं. आजीनं विचारलं तर म्हणायचं, आपण दोघींनी मिळून केले… हो, पाच वर्षांच्या पोरीला. मीच… आणि तिनं नुसतं सांगितलं नाही, ताई. माझी बाजू राखायला रंगवून रंगवून सांगितलं. 'आई भाजत होती, मी नळ्या गुंडाळत होते, गरम होते ना, माझं बोट भाजलं.' आणि बोट पुढे केलं. पट्टी लावलेलं! ती पट्टी तिनं कधी शोधली, कधी लावली, मला पत्ता नाही.

सासूबाईंनी ते बोट हातात घेतलं. त्यांची बोटं ही अशी वाकडी झालेली, त्यात हे एवढंसं. फुंकर घातली. पट्टीवर पापा घेतला. आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं… रागानं नाही गं. नुसतं बघितलं. मला खुर्चीत बसवेना. कॉफी आणते म्हणून उठले आणि भरलेली किटली घेऊन मोरीपाशी उभी राहिले.

हाल्वोर नाताळचं झाड आणायला गेलाय. त्याला यातलं काही ठाऊक नाही… फोन करून सांगू? काय सांगू? 'सासूबाई, तुमचा साचा मी नासवला, तोरब्यॉर्गबाईंचे विकत आणले, नातीला तुमच्या तोंडावर खोटं बोलायला लावलं, नाताळच्या शुभेच्छा'?… कळतंय गं, सांगायलाच हवं. पण नाताळच्या संध्याकाळी सगळे यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार आहेत. त्या म्हणाल्या, 'राहू दे, या वर्षीही माझ्याकडेच करू', तर?… तसं म्हणणार नाहीत हे तुला काय माहीत? मी असते तर म्हटलं असतं.

उद्या सांगते… नाही, आज नको. उद्या नक्की… बरं बाई, आज. शपथ काय घालतेस? आत्ताच पोचल्या असतील त्या वर घरी, चढ घसरडा झालाय, जरा टेकू देत त्यांना. मग करते…

थांब.

अंगणातला दिवा लागला… कुणीतरी येतंय. ताई, त्याच आहेत. परत आल्यात… नाही, विसरल्या नाहीत काही, हातमोजेसुद्धा मी हातात दिले होते. पिशवी आहे. जड असावी, छातीशी धरलीय… कोट उघडाच आहे… अगं, आत एप्रन आहे. घरून एप्रन बांधून आल्यात… लोणी असेल, चरबी असेल, मला काय दिसतंय इथून! साचा पुन्हा तेलवायला आल्यात, दुसरं काय… म्हणजे खिडकीकडे धरला तेव्हाच सगळं कळलं होतं त्यांना. आणि तरी ते बोट फुंकलं, ताई. तरी फुंकलं.

साचा? मागच्या खोलीत, बटाट्यांच्या पोत्यामागे… हो, लपवला. आता कसा काढू त्यांच्यासमोर?… सांगते. सांगते म्हटलं ना! पायरीवर बूट आपटतायत, बर्फ झाडतायत… नाही, तू नको राहूस फोनवर. ठेव. मीच ठेवते…

काय गं सोन्या? बाही सोड माझी… हो, आजीच आलीय. तू दार उघडतेस? बरं, जा… आता काय?… मोठ्यानं बोल, कानात कुजबुजू नकोस… काय विचारलंस?

'आई, आजीला आता खरं सांगायचं, की आपलं सांगायचं?'