सेला खिंडीच्या अलीकडची एक रांग

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या यात्रा कंपनीचे मालक मुकुंदराव, आजचे सत्कारमूर्ती, आपले सहलप्रमुख नागोराव, व्यासपीठावर बळेच बसवलेल्या चतुराबाई, आणि काचीगुड्याच्या या सभागृहात पंखे बंद असूनही टिकून राहिलेल्या माझ्या सहप्रवाशांनो, मी इंदुताई तुम्हा सर्वांना नमस्कार करते.

अठ्ठावीस वर्षं नागोरावांनी आपल्याला भारत दाखवला. कच्छचं रण, ब्रह्मपुत्रेतलं माजुली बेट, कन्याकुमारी! हैदराबादेतून कुणी कमी जातं का फिरायला? पण नागोरावांचा एक नियम होता. रोज सकाळी बसमध्ये सगळ्यांनी एक रांग मागं सरकायचं आणि शेवटच्या रांगेनं पुढं यायचं. डॉक्टर असो, शेठ असो, नियम म्हणजे नियम.

सात वर्षांपूर्वी अरुणाचलात तवांगला निघालो होतो. दिरांगचा मुक्काम संपला, पुढं सेला खिंड, बर्फ. आदल्या दिवशी पहिली रांग माझी होती. सकाळी मी तिथंच जाऊन बसले, गुडघा धरून. खोटं कशाला सांगू, गुडघा ठणठणीत होता.

नागोराव म्हणाले, "ताई, एक रांग मागं. आज चतुराबाईंची पाळी."

चतुराबाई नारायणगुड्याच्या एका दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. निवृत्त झाल्यावर आयुष्यातली पहिली सहल. मी काय म्हणाले, ते आज माइकवर सांगते. म्हणाले, "आम्ही काय अशांच्या मागं बसायचं?"

चतुराबाई म्हणाल्या, "राहू द्या साहेब, मला मागंच बसायची सवय हाय."

"नक्को," नागोराव म्हणाले. "तुमची सवय आज मोडायची." आणि ड्रायव्हरला सांगून इंजिन बंद केलं. पाऊण तास, महाराज! हात बांधून दारात उभे. शेवटी मीच उठले, तोंड फुगवून.

दोन तासांनी वळणावर बर्फ दिसला. चतुराबाई ओरडल्या, "अगं बया!" आणि सगळ्या बसला हसू फुटलं. त्यांनी मागं वळून माझा हात धरला, मला ओढून आपल्या खिडकीशी घेतलं. "ताई, बघा की, केवढा हाय!" दोघी एकाच सीटवर दाटीवाटीनं बसलो. इतकं सुंदर मी जन्मात काही पाहिलं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी फार भली बाई ठरले असते.

हैदराबादला परतल्यावर माझा अहंकार पुन्हा वर आला. मी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. नागोराव उर्मट आहेत, माणसांचा अपमान करतात. खाली सही केली, 'सर्व यात्रेकरू'. मुकुंदरावांनी ते पत्र दाखवून त्यांना सहा महिने आबिड्सच्या कार्यालयात बसवलं. डोंगर चढणारा माणूस टेबलाशी! मग लोकांनीच धोशा लावला, नागोराव नसतील तर आम्ही येणार नाही. तुम्हीच आणलंत त्यांना परत, वाजवा टाळ्या, जोरात वाजवा! आले, आणि पहिल्याच सकाळी म्हणाले, "चला, एक रांग मागं."

त्यानंतर मी त्यांच्यासोबत सहा सहली केल्या. रोज सर्वांत आधी उठून मागं सरकले. नागोरावांनी त्या पत्राचा विषय कधी काढला नाही. पण 'ज्या बाईसाठी मी भांडलो, तिनंही माझ्याविरुद्ध सही केली' हे ओझं या माणसानं मनात कसं वागवलं असेल?

तर नागोराव, ऐका. ते पत्र एकटीचं होतं, माझं. चतुराबाईंना आत्तापर्यंत त्याचा पत्ताही नव्हता. त्या बसमधली बाकीची सगळी माणसं तुमच्या बाजूनं होती.

आयोजकांचे, श्रोत्यांचे आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, तर ते तुम्ही पोटात घालाल. पण चतुराबाई, बसमध्ये मी जे बोलले ते पोटात घालू नका. मी तुमच्या खुर्चीपाशी येऊन हात जोडते, आणि तुम्हाला जे बोलायचं असेल ते या माइकवर बोला.