आबांच्या नावावर माझं रक्त

सगळा दोष आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या रिटायर्ड सुभेदार बापाचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या वेळी साखर उतरली नाही, तर इन्सुलिन!" आयुष्य सीमेवर काढलेला गडी सुईला घाबरतो! लॅबवाला रक्त न्यायला घरी आला, तर आबांनी स्वतःचं नाव सांगून मलाच पुढं ढकललं. "फौजेच्या भरतीसाठी रोज पळतोस. तुझा रिपोर्ट चांगलाच येणार."

रिपोर्ट बघून डॉक्टर ओरडले, "आबा, तीन महिन्यांची सरासरी साखर अकरा! सातच्या आत हवी. आजपासून इन्सुलिन."

आबा ताडकन उठले. "आवं, ते रक्त माझं न्हाईच! ह्या पोराचं हाय!"

डॉक्टरांनी तिथंच दोघांची बोटं टोचली. साखर दोघांचीही वाढलेली.

आबांना सुई लागलीच. जिच्यासाठी कॉलेज सोडलं, ती भरती ह्या साखरेपायी माझ्या हातून गेली.