फार्महाउसमधली इंग्लिश बाई

नव्वद साली आम्ही जपानात कावासाकीला होतो ना, तेव्हा मला पार्टटाइम नोकरी कुठे लागली माहितीये? इंग्लंडहून सुटं करून आणलेलं एक जुनं फार्महाउस तिथे पुन्हा उभं केलं होतं, त्यात गाइड म्हणून. इंग्रजी येतं, एवढ्यावर. वाकड्या तुळया, ठेंगणी दारं आणि माणूस उभा मावेल एवढी शेकोटी दाखवायची. आमचे साहेब मोरी-सान म्हणाले, "कुणी विचारलं तर इंग्लंडचीच आहे म्हणा."

एक आजी दारात बूट काढून, वाकून आत आल्या. सगळं बघून म्हणाल्या, "तुम्ही अशाच घरात वाढलात?"

मोरी-सान माझ्याकडेच बघत होते.

म्हटलं, "नाही हो. असल्या घरातली माणसं आमच्याकडे आली होती. जाता जात नव्हती."